‘वॉरगेम्स’मधली चिठ्ठी खरी, आकडे खोटे

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरमध्ये नोकरी करू पाहणाऱ्या मुलामुलींना मी संगणक सुरक्षा शिकवते. हॅकर म्हणजे काय, याचं त्यांच्या मनातलं चित्र बहुतेक वेळा सिनेमातून आलेलं असतं. म्हणून मी त्यांना सिनेमाच दाखवते: जॉन बॅडम यांनी दिग्दर्शित केलेला, जून १९८३ मध्ये प्रदर्शित झालेला ‘वॉरगेम्स’. टेक्नो-थ्रिलर म्हणावेत असे चित्रपट त्यानंतर ढिगाने आले. पण विज्ञान कुठे सांभाळलं आणि कुठे सोडून दिलं, हे एकाच चित्रपटात इतकं स्वच्छ दिसणं विरळाच.

गोष्ट थोडक्यात अशी. सिअ‍ॅटलचा शाळकरी मुलगा डेव्हिड नव्या गेमच्या शोधात एका अनोळखी संगणकात शिरतो आणि ‘ग्लोबल थर्मोन्यूक्लिअर वॉर’ हा खेळ सुरू करतो. पलीकडे असतो अमेरिका आणि कॅनडा यांच्या संयुक्त हवाई संरक्षण यंत्रणेचा, म्हणजे नोरॅडचा संगणक. खेळ आणि खरं युद्ध यांतला फरक त्याला कळत नाही. तो खरोखरची क्षेपणास्त्रं सोडायच्या तयारीला लागतो.

चित्रपटाची पहिली ताकद अगदी साध्या दृश्यात आहे. डेव्हिडला शाळेच्या संगणकातले आपले गुण बदलायचे असतात. त्यासाठी तो कुठलीही तांत्रिक करामत करत नाही. मुद्दाम स्वतःला ऑफिसात पाठवून घेतो आणि तिथल्या टेबलाची सरकती फळी ओढून बघतो. फळीवर चिकटवलेल्या कागदावर पासवर्डची यादी असते. जुने शब्द खोडलेले, शेवटचा तेवढा शिल्लक: ‘पेन्सिल’. पासवर्ड नियमाने बदलला जातो आणि नियमाने तिथेच लिहून ठेवला जातो! मुलं इथे हसतात. मग मी त्यांना आपापल्या सोसायटीच्या ऑफिसात जाऊन सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचा, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या पेटीचा पासवर्ड काय आहे ते विचारायला सांगते. बहुतेकांना मिळणारं उत्तर एकच असतं: कंपनीतून आला तोच. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या व्हायरसने असेच लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती, बाकी काही नाही.

दुसरी ताकद फोनची. डेव्हिडचा संगणक एका गावातले फोन नंबर ओळीने फिरवत जातो आणि जिथे मोडेमचा, म्हणजे संगणक फोनलाइनला जोडणाऱ्या यंत्राचा आवाज येतो तो नंबर टिपून ठेवतो. ही युक्ती तेव्हा खरीच चालत असे, आणि पुढे तिला ‘वॉरडायलिंग’ हे नाव या चित्रपटावरूनच पडलं. पण नोरॅडसारख्या ठिकाणी बाहेरचा फोन लागेलच कसा? लेखकद्वय लॉरेन्स लास्कर आणि वॉल्टर पार्क्स यांनी हा प्रश्न रँड या अमेरिकी संशोधन संस्थेचे संगणकतज्ज्ञ विलिस वेअर यांना विचारला होता. वेअर म्हणाले, लागू शकतो. कारण एखाद्या अधिकाऱ्याला शनिवार-रविवारी घरून काम करायचं असतं आणि त्याच्यासाठी एक वाट उघडी राहते. घरून काम करणाऱ्या आजच्या पिढीला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता आकडे. शेवटच्या प्रसंगात संगणक क्षेपणास्त्रं सोडण्याचा दहा अक्षरांचा कोड शोधत असतो. पडद्यावर अक्षरं गरगर फिरतात, एकेक जागा पक्की होत जाते आणि आपला श्वास अडकतो. इथे वर्गातल्या एका मुलीने हात वर केला. ‘मॅडम, पण पहिलं अक्षर बरोबर आलं हे त्याला सांगितलं कुणी?’

सगळी गोम तिथेच आहे. तुमच्या फोनवर येणारा सहा आकडी ओटीपी घ्या. तो १० लाख शक्यतांपैकी एक असतो. चुकीचा टाकलात तर बँक ‘चूक’ एवढंच सांगते. पहिले तीन आकडे बरोबर होते असं सांगत नाही. सांगितलं असतं, तर फार तर ६० प्रयत्नांत काम झालं असतं. प्रवासी बॅगेचं स्वस्त नंबरचं कुलूप असंच उघडतं: चकती योग्य जागी आली की बोटाला हलका खटका जाणवतो. चित्रपटातल्या कोडमध्ये इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून ३६ चिन्हं धरली, तर दहा जागांसाठी सुमारे ३,६५६ लाख कोटी शक्यता होतात. सेकंदाला १० लाख तपासल्या तरी सगळ्या संपायला ११५ वर्षांहून अधिक लागतील. एकेक जागा वेगळी कळली, तर ३६० प्रयत्न पुरतात. दिग्दर्शकाला काही मिनिटांत थरार हवा होता, म्हणून त्याने गणिताचा बळी दिला. नंतरच्या कित्येक चित्रपटांनी हीच चूक डोळे मिटून उचलली, याचा मला खरंच राग येतो.

तरी ‘असं कधीच होत नाही’ असं मी वर्गात म्हणत नाही. १९७० च्या दशकात पीडीपी-१० या संगणकावर टेनेक्स नावाची प्रणाली चालत असे. ती पासवर्ड डावीकडून एकेक अक्षर तपासायची आणि पहिली चूक दिसताच थांबायची. कुणाच्या तरी लक्षात आलं की, पहिलं अक्षर संगणकाच्या स्मृतीच्या एका पानाच्या (स्मृतीच्या ठराविक आकाराच्या तुकड्याला पान म्हणतात) अगदी टोकाला ठेवायचं आणि बाकीची अक्षरं अशा पुढच्या पानावर, जे अजून स्मृतीत आलेलंच नाही. पहिलं अक्षर चुकीचं असेल तर यंत्र तिथेच नकार देतं. बरोबर असेल तर दुसरं अक्षर बघायला पुढचं पान मागतं, आणि ते मागणं बाहेरून दिसतं. हाच बॅगेच्या कुलपाचा खटका! एकेक अक्षर पुढे सरकवत पूर्ण पासवर्ड मिळायचा. आज पासवर्ड आहे तसा साठवत नाहीत, त्याचा हॅश, म्हणजे त्यावरून गणिताने काढलेला ठसा साठवतात. एक अक्षर बदललं की सगळा हॅश बदलतो, त्यामुळे ‘जवळपास बरोबर’ असं काही उरतच नाही.

यंत्राला आलेलं शहाणपण हा चित्रपटाचा दुसरा कच्चा दुवा. संगणक स्वतःशीच फुल्ली-गोळा खेळतो, प्रत्येक डाव बरोबरीत सुटतो, मग तो अणुयुद्धाचे डावही चालवून बघतो आणि त्याला कळतं की तिथेही कुणी जिंकत नाही. खेळता खेळता शिकणारी यंत्रं खरी आहेत. डोनाल्ड मिची यांनी १९६१ मध्ये ३०४ काड्यापेट्यांमध्ये रंगीत मणी घालून फुल्ली-गोळा शिकणारं ‘यंत्र’ बनवलं होतं. पण त्या पेट्या फुल्ली-गोळाच शिकल्या. एका खेळातली बरोबरी दुसऱ्या खेळाविषयी आपोआप काही सांगत नाही.

याउलट, खोट्या इशाऱ्याचा भाग चित्रपटाने अस्सल पकडला आहे. ९ नोव्हेंबर १९७९ रोजी नोरॅडच्या पडद्यांवर सोव्हिएत हल्ला दिसू लागला; सरावासाठीची माहिती चुकून चालू यंत्रणेत शिरली होती. पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच झालं, या वेळी ४६ सेंटच्या एका चिपमुळे. दोन्ही वेळा माणसांनी उपग्रह आणि रडार यांची माहिती वेगळी तपासली, म्हणून अनर्थ टळला. चित्रपटातला जनरलही पडद्यावर विसंबून न राहता ‘हल्ला झालेल्या’ तळांना फोन लावतो, आणि पलीकडून माणूस बोलतो. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी हा चित्रपट कॅम्प डेव्हिडला पाहिला आणि असं खरंच होऊ शकतं का, असं अमेरिकेचे संयुक्त सेनाप्रमुख जनरल व्हेसी यांना विचारलं. परिस्थिती वाटते त्याहून वाईट आहे, असं उत्तर आठवडाभराने आलं. सप्टेंबर १९८४ मध्ये रेगन यांनी संगणक-सुरक्षेच्या धोरणावर सही केली. मनोरंजनासाठी काढलेल्या चित्रपटाने सरकारी धोरण हलवल्याची अशी उदाहरणं फार नाहीत.

वर्गात चर्चा रंगते ती मात्र चित्रपटात नसलेल्या गोष्टीवर. तिथे हल्ला एका यंत्रावर होतो, आणि धोका टळताच पाट्या पडतात. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा व्हायरस पसरला तो युक्रेनमधल्या एका करविषयक सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. त्याच्या निशाण्यावर न्हावा शेवा नव्हतंच. पण तिथल्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज समूहाच्या कंपनीकडे होतं आणि मर्स्कचे संगणक जगभर एकमेकांना जोडलेले होते. कीव्हमध्ये सुरू झालेल्या गोष्टीने उरणच्या बाजूला कंटेनर तुंबले. कुठला कंटेनर कुठे ठेवलाय हेच संगणक सांगेना.

पुढच्या १० दिवसांत मर्स्कने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. कोणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे त्यांचे मुख्य सर्व्हर जगभर पुसले गेले होते. घानामधला एक तेवढा वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. त्या एका सर्व्हरवरून बाकीचं जाळं पुन्हा बांधलं गेलं.