उशीतली हवा

लहानपणी आमच्या गल्लीत पिंजारी यायचा. धनुकलीची तात कापसावर टणत्कारली की दगडासारखा झालेला गोळा बघता बघता ढगासारखा फुलायचा, आणि तोच कापूस मग त्याच खोळीत मावता मावायचा नाही. कापूस वाढलेला नसायचा, वाढलेली असायची ती हवा. उशी म्हणजे खरं तर कापडात कोंडलेली हवाच; कापूस फक्त तिला धरून ठेवतो.

कापसाचा तंतू वाळला की चपटा होऊन पीळ खातो आणि घाम, दमटपणा शोषून घेतो. त्यावर रोज रात्री चार-पाच किलोचं डोकं पडलं की तंतू एकमेकांत अडकून गठ्ठे होतात. सावरीचं तसं नाही. तिचा तंतू आतून पोकळ, वरून मेणचट. पाणी सहज शिरत नाही, म्हणून पांढऱ्या सावरीचा कापूस एकेकाळी बुडण्यापासून वाचवणाऱ्या जाकिटांत भरत. गुळगुळीत असल्यामुळे त्याचं सूत मात्र नीट निघत नाही. उशीला तोच उत्तम, हे माझं मत.

उशीत आणखी कोणी राहतं. धुळीतले माइट्स, जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटरचे, आठ पायांचे. आपल्या त्वचेचा कोंडा हे त्यांचं जेवण. पाणी ते पीत नाहीत, हवेतली वाफच शोषतात. म्हणून कोकणातला आषाढ त्यांना मानवतो, आणि हवेतली आर्द्रता बराच काळ निम्म्याखाली राहिली की ते सुकून मरतात. उन्हात उशी टाकायची ती यासाठी. पण शिंका आणि दमा उठवते ती मुख्यतः त्यांची विष्ठा, आणि ती उन्हाने जात नाही. तेव्हा उशी अंगणात, नाकाला फडकं बांधून झोडपा. अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवा.

फोमच्या उशीला हा नियम लावू नका. उन्हाने फोम पिवळा पडतो आणि भुगा होऊ लागतो. तो सावलीत, वाऱ्यावर ठेवायचा.

उंचीचं म्हणाल तर कुशीवर झोपणाऱ्याने कान आणि खांदा यांच्यातली पोकळी भरेल एवढी जाड उशी घ्यावी, उताण्याने पातळ, आणि पालथं झोपणाऱ्याला जवळजवळ नकोच. दुकानात हाताने दाबून काही कळत नाही. घरच्या कुणाला तरी मागून बघायला सांगा: मान पाठीच्या रेषेत हवी.

बाळाच्या मोहरीच्या उशीबद्दल मात्र आजीशी वाद घालावा लागेल. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं, मागे फुगीर. खाली उशी आली की हनुवटी छातीकडे झुकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. वर्षाचं होईपर्यंत बाळाला उशीच नको, सपाट गादी पुरे.