पीपीओत बायकोचं नाव नाही? फॅमिली पेन्शन इथंच अडकते

माजी सैनिक वारले की बायकोची पेन्शन आपोआप सुरू होते असं घरोघरी धरून चालतात, पण त्यासाठी पीपीओत (पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश) तिचं नाव पाहिजे. जुन्या जवानांची लग्नं सुट्टीत उरकली, नवरा युनिटला परत गेला आणि लग्नाची पार्ट टू ऑर्डर (युनिटनं काढायचा नोंदीचा आदेश) निघालीच नाही, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसच्या (जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) लेखी गडी अजून बिनलग्नाचा, घरात नातवंडं का खेळेनात!

नवरा हयात असेल तर आत्ताच करून घ्या. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत लग्न नोंदवा (उशिरा सुद्धा होतं, दंड भरायचा), जॉइंट फोटो, आधार, अ‍ॅफिडेव्हिट आणि डिस्चार्ज बुकची झेरॉक्स जोडून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला पाठवा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं सागरला.

तो गेल्यावर मात्र अवघड, कारण लग्न नोंदवायला दोघं समोर लागतात आणि तरी बाईला मॅरेज सर्टिफिकेट आणा म्हणून परत पाठवणारे क्लार्क आहेतच, आता ती ते कुठून आणणार? अशा वेळी तेव्हाचे जे कागद असतील ते काढा. मुलांचे जन्मदाखले, शाळेचे दाखले, जुनं रेशनकार्ड, मतदार यादी, लग्नपत्रिका. सोबत लग्नाला हजर असलेल्यांची अ‍ॅफिडेव्हिटं, त्यात लग्न कुठं आणि कधी झालं ते पाहिजे, नुसतं "आम्ही ओळखतो" लिहून भागत नाही. एवढं करूनही फाईल परत आली तर दिवाणी कोर्टातून पत्नी असल्याचं डिक्लरेशन घ्यावं लागतं.

खूप जण तलाठ्याकडून वारस नोंद किंवा कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट घेऊन येतात. त्यात पैसे घालवू नका. फॅमिली पेन्शन ही मयताची इस्टेट नाही, सुप्रीम कोर्टानं 1991 मध्येच सांगितलंय, त्यामुळं ती मृत्युपत्रानं कुणाच्या नावावर करताही येत नाही.

नावाचं पण बघा. सर्व्हिस रेकॉर्डला माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासबुकात तिसरंच स्पेलिंग, असलं आधी एकसारखं करा, नाहीतर स्पर्शवर (संरक्षण खात्याच्या पेन्शनचं ऑनलाइन पोर्टल) अर्ज अडकतो.

सगळ्यात वाईट हाल दुसऱ्या बायकोचे. पहिलीशी काडीमोड झाली म्हणतात आणि स्टँपपेपरवरची फारकत दाखवतात. जातीत तशी रूढी असेल तर हिंदू विवाह कायद्यात कलम 29 प्रमाणे रूढीची फारकत चालते, पण रूढी आहे हे कोर्टात शाबित करावं लागतं, नोटरीचा शिक्का त्याला पुरत नाही. ते जमलं नाही तर दुसरं लग्न बेकायदेशीर ठरतं, वीस वर्षं संसार केला असला तरी. मुलं मात्र कलम 16 नं औरसच. आणि पहिली हयात असेल तर तिला डिक्लरेशनच्या दाव्यात पार्टी (पक्षकार) कराच, वकील "नको, लांबेल" म्हणाला तरी ऐकू नका, तिला वगळून आणलेला निकाल तिनं हरकत घेतली की टिकत नाही.