पडद्यात सूर तयार नसतो

"वीणेला पडदे असतात, बोट ठेवलं की सूर लागला; खरे कष्ट व्हायोलिनवाल्यांचे." हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे.

कर्नाटक संगीतातल्या सरस्वती वीणेचे पडदे, म्हणजे तारेखालच्या आडव्या पट्ट्या, २४, पितळेचे, काळ्या मेणात पक्के बसवलेले. सतारीसारखे सरकवता येत नाहीत. पण कर्नाटक संगीतातला सूर पुष्कळदा एका जागी स्थिर राहतच नाही. तोडी रागाचा गांधार (ग) घ्या. (आपली हिंदुस्थानी तोडी नव्हे, कर्नाटक तोडीचे स्वर आपल्या भैरवीचे.) तो पडद्यावर नुसता सरळ वाजवला तर तोडी वाटतच नाही. तार डाव्या हाताच्या बोटांनी आडवी खेचायची आणि किती खेचायची ते फक्त कान सांगतो. केसभर जास्त झाली की बेसूर. वीणेकऱ्यांच्या बोटांवर तारेचे चर उमटतात, ते उगीच नाहीत.

म्हणूनच अनेक गुरू मायामाळवगौळ रागातल्या सरळी वरिसै (सुरुवातीचे स्वरपाठ) आधी गाऊन घेतात, मग वाजवायला लावतात. विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमात मुलांचं एकत्र वादन ऐका: सरळ स्वरांत सगळे एक, गमक (स्वराचा हेलकावा) आला की चार वीणांचे चार गांधार. पडदे मात्र चौघांचेही तेच.