घागरीतला गारवा कुठे राहतो?

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवसांत खानदेशातलं ऊन अंगावर येतं. भुसावळला पारा ४५ अंशांना टेकतो आणि दुपारी गल्लीत चिटपाखरू दिसत नाही. याच दिवसांत आम्ही पितरांची घागर भरतो. कुंभाराकडची कोरी मातीची घागर, आत पाणी, वर खरबूज, आंबे आणि सांजोरी. पुरणपोळी-आमरसाचा घास विस्तवावर टाकून आगारी द्यायची. गेलेलं माणूस या उन्हात तहानलेलं असेल, ही त्यामागची काळजी.

लहानपणी मला पितरांपेक्षा घागरीचंच नवल वाटायचं. सकाळी टाकीतलं कोमट पाणी तिच्यात ओतलं, तर दुपारपर्यंत ते दात शिवशिवतील इतकं गार कसं होतं? पुढे शाळेत उत्तर मिळालं. मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं, कोरड्या हवेत त्याची वाफ होते आणि ती वाफ जाताना उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० ज्यूल उष्णता लागते. म्हणजे लिटरभर पाणी १० अंशांनी गार व्हायला जेमतेम १७-१८ ग्रॅम पाणी उडून जावं लागतं. पावसाळ्यात हवा ओली झाली की तीच घागर तितकं पाणी गार करत नाही.

मग गारवा घागरीत नेमका कुठे असतो? माती फोडून बघा, सापडणार नाही. माती, पाणी आणि कोरडी हवा यांचा व्यवहार चालू आहे तोवर तो आहे, व्यवहार थांबला की नाही. घागर फुटली तर पाणी सांडलं म्हणून आपण हळहळतो, पण गारवा कोणत्या दिशेने निघून गेला असं कोणी विचारत नाही. तरीही तो खरा असतो. शेतातून आलेल्या माणसाला तांब्याभर पाणी द्या आणि त्याचा चेहरा बघा.

माणसाच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच विचारतो. ‘जीव गेला’ म्हणतो, आणि गेला म्हटलं की कुणीतरी उठून गेलं असं मनात येतं. या कल्पनेचं मूळ श्वासात आहे. ‘प्राण’ म्हणजे श्वास. ‘आत्मन्’ या शब्दाचा संबंध जर्मन भाषेतल्या श्वास घेण्याच्या क्रियापदाशी जोडला जातो. ग्रीक ‘सायकी’ आणि लॅटिन ‘अ‍ॅनिमा’ यांच्याही तळाशी श्वास किंवा वाराच आहे. एकमेकांपासून इतक्या दूरच्या माणसांनी मरणाऱ्याच्या उशाशी बसून एकच गोष्ट पाहिली होती: छाती हलायची थांबते आणि माणूस उरत नाही.

जाणारी वस्तू असेल तर तिला वजन असलं पाहिजे, असं अमेरिकेतल्या डंकन मॅकडूगल या डॉक्टरला वाटलं. मृत्युपंथाला लागलेल्या सहा रुग्णांच्या खाटा त्याने तराजूवर ठेवल्या आणि १९०७ साली निष्कर्ष छापले. पहिल्या रुग्णाचं वजन मृत्यूच्या क्षणी सुमारे २१ ग्रॅमने घटलं होतं. दोन रुग्णांची मोजमापं त्याला स्वतःलाच बाद करावी लागली, उरलेल्यांचे आकडे एकमेकांशी जुळेनात. पण २१ ग्रॅमचा आकडा जगभर गाजला तो आजपर्यंत. त्याच वर्षी ऑगस्टस क्लार्क या डॉक्टरने हरकत घेतली: श्वास थांबला की फुप्फुसांकडून रक्त थंड होणं थांबतं, त्वचा तापते, घाम येतो आणि तो उडून जातो. मॅकडूगलच्या १५ कुत्र्यांचं वजन घटलं नव्हतं, आणि कुत्र्यांना माणसासारखा अंगभर घाम येत नाही. मॅकडूगलने हे काही मानलं नाही. मला मात्र तो आकडा वाचताना प्रत्येक वेळी आमची घागर आठवते. तिथेही अठराएक ग्रॅमचाच मामला असतो.

वस्तू शोधायचा नाद सोडून विचार करणारे फार पूर्वीच होऊन गेले. अ‍ॅरिस्टॉटल म्हणायचा, डोळा हा प्राणी असता तर पाहणं हा त्याचा आत्मा झाला असता. पाहणं डोळ्यापासून वेगळं काढून डबीत ठेवता येत नाही. आपल्याकडे चार्वाकांनी मद्याचा दाखला दिला. सातपुड्यात मोहाची फुलं वेचणाऱ्या कोणालाही तो सहज पटेल: ताजं फूल कितीही खा, झिंग येत नाही. फुलं आंबवली की येते. तशीच पंचमहाभूतांपैकी चारांच्या विशिष्ट मेळातून जाणीव उपजते, असं त्यांचं म्हणणं. वेदान्ताने घागरीचाच दृष्टान्त उलट बाजूने वापरला. गौडपाद सांगतात, घटातलं आकाश आणि बाहेरचं आकाश मुळात एकच. घट फुटला तरी आकाशाचं काही बिघडत नाही.

यातली कोणती घागर खरी? माझा कल कुठे आहे हे लपवत नाही, पण माझ्या दाखल्यात एक मोठं भोक आहे. घागरीला स्वतःचा गारवा जाणवत नाही. मला उन्हाचा चटका जाणवतो. मेंदूतल्या पेशींचे विद्युतसंदेश मोजता येतात, पण त्यांच्या धावपळीतून आपल्याला आत काहीतरी ‘जाणवतं’ ते का, याचं उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. डेव्हिड चामर्स या तत्त्वज्ञाने १९९५ मध्ये याला जाणिवेचा कठीण प्रश्न म्हटलं आणि तो अजून तसाच कठीण आहे. त्यामुळे आत्मा मानणाऱ्याला अडाणी ठरवणं मला पटत नाही.

तापी आणि पूर्णेच्या संगमावर, मुक्ताईनगर तालुक्यात, चांगदेवांचं देऊळ आहे. योगबळाने प्राण रोखून चांगदेव चौदाशे वर्षं जगले, अशी आख्यायिका आहे. ज्ञानदेवांना काय मायना लिहावा हे न सुचून त्यांनी कोरंच पत्र धाडलं, तेव्हा इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला, असं लहानगी मुक्ताई म्हणाली. कथा म्हणून घ्या, पण तिने श्वास चालू असणं आणि ‘कोणीतरी असणं’ हे किती अचूक वेगळं केलं आहे!

आज हाच प्रश्न अतिदक्षता विभागात रोज उभा राहतो. व्हेंटिलेटर छाती हलवतो, हृदय धडधडतं, अंग ऊबदार असतं, आणि तरी मेंदूचा देठ मेलेला असू शकतो. आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने अशा मृत्यूला मान्यता दिली. तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होतात. त्यातली एक मला विलक्षण वाटते. यंत्राचा श्वास थांबवून रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढू देतात आणि छातीकडे बघत राहतात. देठ जिवंत असेल तर तो ‘श्वास घे’ असा हुकूम देईलच. उशाशी बसून श्वासाची वाट पाहणारे ते पुरातन लोक आणि हे डॉक्टर यांच्यात मला फार अंतर दिसत नाही.

पण माणूस कधी कधी श्वासाच्या आधीही जातो. १८४८ मध्ये फिनिअस गेज या रेल्वेच्या मुकादमाच्या डोक्यातून स्फोटाने लोखंडी सळई आरपार गेली. तो वाचला, बोलत-चालत राहिला. ओळखीचे मात्र म्हणू लागले, हा आता गेज नाही. निना स्ट्रोमिंगर आणि शॉन निकोल्स या संशोधकांनी मेंदूचे आजार झालेल्यांच्या घरच्यांना विचारलं, तेव्हा असंच काहीसं दिसलं. स्मरण गेलं तरी ‘माणूस तोच आहे’ असं घरच्यांना बरंचसं वाटत राहतं. माया, प्रामाणिकपणा, दुसऱ्याची कणव हरपली, की मग तो परका वाटू लागतो.

हे वाचलं आणि मला आजीची शेवटची तीन वर्षं समजली. तिला गाव आठवेना, नवऱ्याचं नाव आठवेना. मला बघून विचारायची, “तू कोना पोऱ्या शे रे भाऊ?” मी सांगायचो. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. पण उंबऱ्यात कोणीही आलं, दूधवाला असो की मीटर बघणारा, तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: “जेवना का?” म्हणजे, जेवलास का? उत्तर ‘नाही’ आलं की ती स्वयंपाकघराकडे उठू पाहायची. आम्हा कोणालाही ती गेल्यासारखी कधी वाटली नाही.

तिच्या नावाची पहिली घागर भरली त्या आखाजीला मी गावी होतो. वडलांनी पाणी ओतलं, आगारी टाकली, हात जोडले. तेवढ्यात कुंभाराचा मुलगा राहिलेले पैसे मागायला दारात आला, घामाने निथळत होता. वडलांनी आधी त्याला तांब्याभर गार पाणी दिलं आणि मग पैसे काढायला आत वळता वळता विचारलं, “जेवना का रे भाऊ?”