कर्षण उपकेंद्र चालक (बेळगाव परिसर)

कर्षण उपकेंद्र चालक : विजेवर धावणाऱ्या रेल्वेला ज्या केंद्रातून वीज पुरवली जाते, तिथे पाळीवर राहणारा, यंत्रांची नोंद ठेवणारा आणि नियंत्रकाच्या आदेशावरून पुरवठा चालू-बंद करणारा कर्मचारी. रेल्वेची माणसे उपकेंद्राला ‘टीएसएस’ म्हणतात आणि तिथल्या माणसाला नुसते ‘ऑपरेटर’. प्रस्तुत नोंद मिरज–लोंढा मार्गाच्या बेळगाव जिल्ह्यातील टापूपुरती आहे.

मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी धावली, तीही १,५०० व्होल्ट डीसीवर. १९५७ मध्ये भारतीय रेल्वेने २५ हजार व्होल्ट एसी ही पद्धत स्वीकारली, आणि आज बेळगाववरून जाणारी तार त्याच पद्धतीची आहे. पुण्यापर्यंतचा घाट १९२९ मध्येच विजेवर आला होता. बेळगावकडे मात्र मीटरगेज, वाफ आणि डिझेल असा लांबचा फेरा पूर्ण झाल्यावर, अलीकडच्या काही वर्षांत, दुहेरीकरणाच्या मागोमाग तारा आल्या. त्यामुळे इथला ऑपरेटर हा पेशाच नवा आहे. ज्या घरात आजोबा लोंढ्याच्या शेडमध्ये इंजिनावर होते, तिथे नातू आयटीआय करून टीएसएसवर लागला तर नवल नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत वायरमन म्हणून हात बसलेली मुलेही या परीक्षांना बसतात.

उपकेंद्राला वीज येते ती राज्याच्या पारेषण जाळ्यातून. उत्तर कर्नाटकात हे जाळे प्रामुख्याने ११० आणि २२० हजार व्होल्टचे आहे. त्यातल्या तीन फेजांपैकी फक्त दोन घेऊन रोहित्र ती २५ हजार व्होल्टवर उतरवते. रोहित्राच्या दुसऱ्या बाजूचे एक टोक ओव्हरहेड तारेला आणि दुसरे रुळांना व जमिनीला जोडलेले असते. इंजिनातून गेलेला प्रवाह रुळांवाटे परततो. एकाच जोडीवर सगळा भार टाकला तर राज्याच्या जाळ्याचा तोल जाईल, म्हणून शेजारशेजारची उपकेंद्रे वेगवेगळ्या फेजांच्या जोड्या वापरतात. दोन उपकेंद्रांत साधारण ४० ते ६० किलोमीटर अंतर असते. त्यांच्या मधोमध दोन वेगळ्या फेजांची वीज एकमेकींना भिडू नये म्हणून तारेचा एक तुकडा मृत ठेवलेला असतो. त्याला न्यूट्रल सेक्शन म्हणतात. ५०० आणि २५० मीटर आधी पाट्या लागतात, लोकोपायलट इंजिनाचा ब्रेकर, म्हणजे वीज तोडणारा स्विच, उघडतो, गाडी आपल्या वेगावर तेवढा पट्टा ओलांडते आणि पुढे पुन्हा वीज घेते. डब्यातल्या प्रवाशाला याचा पत्ताही लागत नाही.

पाळी आठ तासांची. दर तासाला लॉगबुकात आकडे चढवायचे : येणारा विजेचा दाब (व्होल्टेज), जाणारा दाब, फीडरवरचा, म्हणजे तारेला वीज नेणाऱ्या वाहिनीवरचा, भार, रोहित्राच्या तेलाचे व वेटोळ्याचे तापमान, ब्रेकरमधल्या वायूचा दाब. तारेवर १९ हजार व्होल्टच्या खाली दाब जाता कामा नये आणि २७.५ हजारांच्या वर कायम राहता कामा नये. रोहित्रात जाणारी हवा कोरडी ठेवणाऱ्या श्वसनपात्रातली सिलिका जेल निळी आहे की गुलाबी पडू लागली, हे रोज पाहायचे. गुलाबी म्हणजे ओल शोषून झाली, आता बदला. ११० व्होल्टची बॅटरी ही सगळ्यांत दुर्लक्षित वस्तू, पण ब्रेकर पाडण्याची, म्हणजे उघडून वीज तोडण्याची, ताकद तिच्यातूनच येते. बॅटरी बसली तर दोष ओळखून ब्रेकरला हुकूम देणारा रिले कितीही हुशार असला तरी ब्रेकर हलणार नाही. जुने ऑपरेटर रोहित्राआधी बॅटरीच्या खोलीत डोकावतात ते याचमुळे, आणि त्यांचे बरोबर आहे.

तरीही या नोकरीचा खरा कस लागतो तो वीज चालू ठेवताना कमी आणि ती बंद आहे याची हमी देताना अधिक. ओव्हरहेड तारेवर काम करायचे असले की पर्यवेक्षक ‘पावर ब्लॉक’, म्हणजे ठरावीक वेळ वीज बंद, मागतो. गाड्या थांबवण्याचे वाहतूक नियंत्रकाशी ठरते, मग कर्षण वीज नियंत्रक, म्हणजे टीपीसी, दुरूनच ब्रेकर उघडतो. त्यानंतर आयसोलेटर, म्हणजे तारेचा खंड वेगळा काढणारा खटका. हा क्रम उलटा चालत नाही. आयसोलेटरमध्ये ठिणगी विझवण्याची सोय नसते, आणि भार असताना तो उघडला तर ज्वाळा उठते. चालू करताना आधी आयसोलेटर, मग ब्रेकर. हाताने चालवायच्या आयसोलेटरला कुलूप लागते, ‘माणसे काम करत आहेत’ ही पाटी लटकते, आणि संदेश पक्का झाल्याची खूण म्हणून टीपीसीशी खासगी क्रमांकांची देवाणघेवाण होते. दिलेला आणि घेतलेला असे दोन्ही क्रमांक वेळेसकट वहीत उतरतात. आदेश ऐकणाऱ्याने तो शब्दशः परत म्हणून दाखवायचा असतो. समोरचा कंटाळला तरी.

एवढे झाल्यावरही तार सुरक्षित समजत नाहीत. मार्ग दुहेरी झाल्यापासून तर मुळीच नाही. शेजारच्या चालू तारेमुळे बंद तारेतही प्रेरणाने माणूस मरेल इतका दाब निर्माण होतो. म्हणून कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड, म्हणजे तार रुळाला जोडणारी दांडी, लावतात : आधी रुळाकडचे टोक घट्ट आवळायचे, मगच आकडा तारेवर टाकायचा. काढताना आधी तारेवरचा आकडा. टॉवर वॅगनवरची, म्हणजे तारेपर्यंत पोचणाऱ्या दुरुस्तीगाडीवरची, टोळी उतरून रॉड निघाल्याचे पर्यवेक्षकाने कळवल्याशिवाय कामाचा परवाना रद्द होत नाही, आणि तोवर टीपीसीही पुरवठा देत नाही. हुबळीच्या नियंत्रकाशी बोलणे कन्नडात किंवा हिंदीत, टोळीतल्या खानापूरच्या पोरांशी मराठीत आणि आकडे सगळ्यांशी इंग्रजीत, अशी इथली सरमिसळ असते.

‘लाइन ट्रिप झाली’ हा दुसरा प्रसंग. तारेवर फांदी पडली, कावळ्याने घरट्यासाठी आणलेला तारेचा तुकडा इन्सुलेटरवर आडवा झाला, माकडाने उडी मारली, की रिले क्षणार्धात ब्रेकर पाडतो. काही क्षणांनी तो आपोआप एकदा पुन्हा चढतो. दोष तात्पुरता असेल तर प्रश्न मिटला. पुन्हा पडला तर टीपीसी तारेचे एकेक खंड वेगळे करून दोष कुठे आहे ते शोधतो. ऑपरेटरने कोणत्या रिलेची खूण पडली आणि दोषदर्शकाने किती किलोमीटर दाखवले ते सांगायचे. आपला अंदाज सांगायचा नसतो, निदान विचारल्याशिवाय.

याच मार्गावर जमीन आणि हवा इतकी बदलते की दोन टोकांच्या ऑपरेटरांच्या तक्रारीही निरनिराळ्या. लोंढा, गुंजी, खानापूरकडे पश्चिम घाटाचा पाऊस. झाडे, वेली, विजा, आणि पावसाळ्यात केबलच्या खंदकात साप. उपकेंद्रात अंथरलेली खडी ओल्या जमिनीतून पायाला धक्का बसू नये म्हणून असते. तिच्यामुळे गवतही कमी उगवते, साप मात्र तिला जुमानत नाहीत. घटप्रभा, रायबाग, कुडचीकडे काळी माती. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. टीएसएसचा रोध अर्ध्या ओहमपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून अर्थपिटात पाणी ओतणे हे तिथले ठरलेले काम. कृष्णाकाठचा ऊस तुटला की शेतकरी पाचट पेटवतात. धूर आणि काजळी इन्सुलेटरवर बसते, पहाटेच्या दवात ती ओली होते आणि ट्रिपिंगला निमित्त मिळते. रुळालगत पाचट पेटवू नका हे सांगायला गावात जावे लागते, आणि तिथे अधिकाऱ्याच्या पत्रापेक्षा ओळखीच्या माणसाचा शब्द चालतो.

कृष्णेच्या खोऱ्यातून गाडी बेळगावच्या पठाराकडे चढते तेव्हा भार वाढतो. उलट उतारावर येणारी नवी थ्री-फेज इंजिने ब्रेक लावताना वीज तारेत परत सोडतात. सप्टेंबर २०२४ पासून हुबळी–पुणे आणि ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव–बेंगळुरू वंदे भारत सुरू झाल्या. अशा गाड्यांमुळे ब्लॉकसाठी मोकळी वेळ काढणे आणखी नाजूक झाले आहे.

एखादे उपकेंद्र बंद पडले तर शेजारच्या उपकेंद्राची वीज मधला न्यूट्रल सेक्शन जोडून पुढे नेता येते. दाब उतरतो, एकावेळी कमी गाड्या सोडाव्या लागतात, पण मार्ग चालू राहतो. मिरजेशी मात्र नैर्ऋत्य रेल्वेचा हुबळी विभाग संपतो आणि मध्य रेल्वेचा पुणे विभाग सुरू होतो. राज्याची हद्दही त्याच पट्ट्यात शेडबाळच्या पुढे लागते. वीज या बाजूची त्या बाजूला न्यायची तर दोन्ही नियंत्रकांनी एकमेकांशी बोलून मान्यता द्यावी लागते.

दोन उपकेंद्रांमधली, तारेचे खंड जोडणारी-तोडणारी छोटी स्विचिंग ठाणी सहसा माणसाविना, दूरनियंत्रणाने चालतात. टीएसएसचे ब्रेकरही टीपीसी पडद्यावरून हलवतो. म्हणून ऑपरेटरची गरज उरली नाही, असे कार्यालयात बसून म्हणणे सोपे आहे. संपर्काची वाहिनी तुटली की तोच ब्रेकर जागेवरून चालवावा लागतो. आणि कुलूप आयसोलेटरला खरोखर लागले आहे का, हे पडदा सांगत नाही.