‘बघण्याचा कार्यक्रम’ जपानमध्येही

‘ठरवून लग्न फक्त आपल्याकडे, पुढारलेल्या देशांत सगळे आपापलं जमवतात,’ हे वाक्य लग्नसराईत हमखास कानावर पडतं. ते खरं नाही. जपानमध्ये १९३०च्या दशकात झालेल्या लग्नांपैकी सुमारे ७० टक्के लग्नं ‘ओमिआई’ने, म्हणजे मध्यस्थामार्फत ठरलेली होती. मध्यस्थ म्हणजे ‘नाकोदो’. तो स्टुडिओत काढलेला फोटो आणि शिक्षण, नोकरी, घराणं लिहिलेला कागद इकडून तिकडे पोचवायचा. मग भेट. कांदेपोहे नाहीत, एवढाच काय तो फरक! नकारही त्याच्याच तोंडून कळवायचा, म्हणजे कुणाला अवघडायला नको. (ही सोय आपल्याकडेही सर्रास हवी होती.) काही घरं तर खासगी गुप्तहेर लावून स्थळाची चौकशी करत.

बरं, ही रीतही तिथं सर्वांची परंपरागत नव्हे. ती मूळची सामुराई घराण्यांची. सामान्यांत पसरली ती मुख्यतः मेइजी काळात, १८६८नंतर. १९५९मध्ये युवराज अकिहितो यांनी टेनिस कोर्टवर भेटलेल्या मिचिको शोदा यांच्याशी लग्न केलं, तेव्हा वर्तमानपत्रांनी तो प्रेमविवाह डोक्यावर घेतला. १९६०च्या दशकाअखेरीस प्रेमविवाहांनी आकड्यांत आघाडी घेतली. ओमिआई आजही होते, पण कमी.