बांबू ‘झाडातून वगळला’ म्हणून गावांना मिळाला? नाही!

‘2017 साली सरकारनं बांबूला गवत ठरवलं, म्हणून गडचिरोलीच्या गावांना तो विकता येऊ लागला’, हे वाक्य कार्यशाळांमध्येही बिनदिक्कत ऐकू येतं. यात दोन गोष्टींची खिचडी झाली आहे.

बांबू वनस्पतिशास्त्रात गवतच. ते ठरवायला सरकार लागत नाही. 1927च्या वन कायद्यात मात्र ‘झाड’ या व्याख्येत त्याला बसवलं होतं. 2017ची दुरुस्ती झाली ती वनक्षेत्राबाहेरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या बांबूसाठी. जंगलातल्या बांबूला तिनं हातही लावला नाही.

तिथला हक्क आला 2006च्या वनहक्क कायद्यातून. त्यात बांबू स्पष्टपणे गौण वनोपजात, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वनस्पतिजन्य उत्पादनांत आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क 2009 साली मिळाला. तरी वाहतूक परवान्यावर घोडं अडलंच! अखेर एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. दुरुस्तीच्या सहा वर्षं आधी.

‘गावाला दिला की जंगल भुंडं होणार’ ही भीतीही तपासून घ्यावी. रांजीत, म्हणजे बांबूच्या बेटात, दर पावसाळ्यात नवे कोंब येतात. कोवळे राखून जून काठ्या काढल्या, तर बेट टिकतं. उलट काहीच न काढता ठेवलं, तर काठ्या एकमेकींत अडकून गुंता होतो. सरसकट तोड करणारा कंत्राटदार पुढच्या वर्षी दुसरीकडे जातो, गावाला मात्र त्याच रांजीकडे परत यायचं असतं.